समुद्राचा तळ शिकवणाऱ्या मॅडम

डावा तळहात उजव्याखाली हळूहळू सरकवत मॅडम वर्गात म्हणायच्या, "पाहा गा, समुद्राचा तळ असा चालून राहिला. नखं वाढतात ना, तसा." मग खालचा हात अडकून थांबायचा, आणि एकदम सुटायचा. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा दचकायची.

आम्ही दोघं नागपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. मॅडम उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. समुद्रापासून इतक्या लांब राहून त्यांनी अभ्यास केला तो अंदमानच्या ज्वालामुखीचा. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकूनच धाकटा भाऊ तिकडच्या एका बेटावर शिक्षक म्हणून गेला. "ताई, जहाजातून तुझा धूर दिसला!" असा त्याचा फोन आला, त्या दिवशी मॅडमनी सगळ्या स्टाफरूमला चहा पाजला.

पुढे एका सकाळी तिथला तळ हलला. लाट आली. भाऊ सापडलाच नाही.

मी उमरेडला भेटायला गेलो. त्यांची आई बंद मागाजवळ बसली होती. लेकीला म्हणाली, "तुले तं सगळं माहीत होतं ना वं? मंग त्याले काहून नाही सांगितलं?"

"कधी होते ते कोणालेच समजत नाही, माय."

आईनं तोंड फिरवलं.

नव्या सत्रात तो धडा मी घेतो म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, "काहून गा? जमिनीनं काही दुश्मनी नाही केली माह्याशी." मी दाराबाहेर उभा राहिलो. हात अडकेपर्यंत त्यांनी नीट शिकवलं. सुटायच्या जागी मात्र त्या फळ्याकडे वळल्या आणि खडू शोधत राहिल्या. खडू हातातच होता. एकही मूल हसलं नाही.

निवृत्तीपर्यंत तो धडा त्यांनीच घेतला. पण कॉलेजची सहल समुद्राकडे निघाली, की त्या घरी राहायच्या.

यंदा उन्हाळ्यात मॅडम गेल्या. बहिणीच्या मुलीला सांगून ठेवलं होतं, "माह्यी राख कन्हान नदीत सोडजो वं."

नदीत घोटाभर पाणी होतं. राख वाळूला अडत, रेंगाळत निघाली.

"मावशीले समुद्र नकोच होता," भाची म्हणाली. "म्हणून कन्हान सांगितली असंल."

मी तिला सांगितलं, कन्हान वैनगंगेला मिळते. ते पाणी पुढे गोदावरीत जातं आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. मॅडमना हे माहीत नसणं शक्य नव्हतं.

भाचीनं पुढे जाणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"म्हणजे मामाकडंच."

चपला काढून ती पाण्यात उतरली, आणि वाळूत अडकलेली राख ओंजळीनं पुढे लोटू लागली.