गोठणगावचं ग्राउंड, नानांचा भोंगा आणि आम्ही पावणे

ज्या माणसाने भोंग्यावरून आमच्या टीमची सगळ्यात जास्त टिंगल केली, तो माणूस आज सकाळी गेला.

गोठणगावचे दत्तूनाना.

आणि आमची अख्खी माळवाडी आज कामाला गेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या ग्राउंडमधून कालवा गेला. बरोबर पिचवरून! गाव खूश. पाणी येणार, कांदा होणार, ऊस होणार.
तोंड पाडून बसलो होतो ते फक्त आम्ही क्रिकेटवाले.

टीम मोडायचीच वेळ आली होती. तेवढ्यात शेजारच्या गोठणगावने निरोप धाडला, "रविवारी आमच्या ग्राउंडवर या."

म्हणजे ज्यांना हरवायला आम्ही टीम काढली, त्यांच्याच दारात खेळायला जायचं.

गेलो. करता काय!

मी टीममध्ये बारावा. म्हणजे सपोर्टरच. तेलाचा रिकामा डबा, एक दांडकं, आणि टेम्पोच्या हौद्यात उभं राहून बडवत जायचं. हे काम मात्र मी जीव तोडून केलं.

नाना मूळचे बैलगाडा शर्यतीचे अनाउन्सर. यात्रांच्या सीझनला घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, बाकीचे रविवार ग्राउंडवर. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लिंबाला टांगलेला भोंगा.
क्रिकेटमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं. त्यामुळे कॉमेंटरी सगळी घाटातलीच.

बॉलर पळत निघाला की, "सुटला... सुटला... पोरगं सुटलंय बगा... भिर्रर्रर्र!"

आमच्याकडून कॅच सुटला की, "आरारारा! आख्खा घाट मोकळा व्हता, तरी माळवाडीनं गाडा झाडावर घातला!"

लोक पोट धरून हसायचे. आम्ही पण हसायचो, तोंड फिरवून.

पण खरं सांगू? टिंगलीचं काही वाटायचं नाही. मनाला लागायचा तो पाहुणचार.

चहा आला की आधी आम्हाला. बॉल उसात गेला की त्यांची पोरं पळायची, "तुमी बसा पावणं, आमी आणतो." आमचा कॅप्टन सुदाम रोलरला हात लावायला गेला, तर हातातून काढून घ्यायचे.

भोंग्यावर तर आमचं नावच "पावण्यांची टीम."
तिसऱ्या गावाबरोबर मॅच असली, आम्ही होम मॅच समजून खेळत असलो, तरी पावणेच.

असे तीन सीझन गेले. पोरं कुरकुरायला लागली. "दुसऱ्याच्या दारात किती दिस काढायचं राव? बंदच करू टीम."
सुदामनेही मनाशी ठरवून टाकलं. यंदाची टूर्नामेंट शेवटची.

आणि फायनलला समोरासमोर कोण?
आम्ही आणि गोठणगाव!

लास्ट बॉल. चार रन हवे. स्ट्राइकला सुदाम. सगळं गोठणगाव एका बाजूला बोंबलतंय आणि एका बाजूला माझा एकट्याचा डबा.

सुदामने डोळे मिटून फिरवली. (त्यानेच नंतर कबूल केलं.) बॉल लिंबाच्या वर गेला.

आता घाटातल्या माणसाची एक सवय असते. गाडा कुणाचा का असेना, तो भन्नाट पळाला की त्याच्या तोंडाला लगाम राहत नाही.

नाना खुर्चीवर चढून उभे.

"उचलला... उचलला... गेला उसात... भिर्रर्रर्र! जिकली! आपली माळवाडी जिकली!"

भोंग्यातून. अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं.

मी डबा वाजवायचाच विसरलो.

त्यांचे सरपंच उठले. "नाना, आरं गाव कंचं तुजं?"

नानांनी माईककडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. आणि माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"चुकून निगालं. पन निगालं ते निगालं. तीन वरसं झाली, पोरं हितंच पडत्यात, हितंच धडपडत्यात. मंग कुनाची म्हनायची?"

आधी हसली ती हरलेली गोठणगावची टीम. मग सरपंच. मग सगळेच.

पुढच्या रविवारी आम्ही टेम्पोतून उतरतोय तोच भोंगा कडाडला,

"ए माळवाडी! ही काय येळ झाली यायची? आन् रोलर कोन वडणार, तुमचा बाप?"

बोलणी खाऊन एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही. सुदाम तर हसत हसत रोलरकडे पळतच सुटला. त्या दिवशी चहा आम्हाला सगळ्यात शेवटी मिळाला. गार झालेला. काय गोड लागला होता राव!

टीम बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पुढे गायरानात आम्हाला आमचं ग्राउंड मिळालं. त्यांच्यापेक्षा मोठं. तरी रविवारी निम्मी माळवाडी नानांच्या लिंबाखालीच असायची. गोठणगावात त्यांना "माळवाडीचा जावई" म्हणून चिडवायचे. नाना म्हणायचे, "चिडवा! सासरवाडीला लई मान हाय माजा."

आज दुपारी अंत्यविधीला गेलो. परगावचे म्हणून आम्ही कडेला उभे राहिलो. पुढे त्यांची भावकी होती, आणि ते बरोबरच होतं.

नानांचा मुलगा तिरडीपाशी होता. रडून डोळे लाल. त्याने मान वर केली, आम्हाला बघितलं आणि जवळजवळ ओरडलाच.

"सुदामभाऊ, तिकडं काय उभं ऱ्हायलात समदी? बाप गेलाय आपला. खांदा द्या!"

दिला नाना. एका बाजूला गोठणगाव, एका बाजूला माळवाडी.

तुमच्या पोरांचा शेवटचा रामराम घ्या.