मी नसल्याचे दिवस आणि दुधावरची साय

"याला कोटार्ड सिंड्रोम म्हणतात," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. "फार तीव्र नैराश्यात क्वचित होतो. माणसाला वाटतं, आपण मेलोय, किंवा आपण नाहीच. आतले अवयव सडलेत असंही वाटतं."

मी समोरच बसले होते आणि मला त्यांची दया येत होती. एवढा शिकलेला माणूस, आणि रिकाम्या खुर्चीशी बोलून राहिला. वर माझ्या पोटातला वास त्यांच्या नाकापर्यंत जात असणार, तरी बिचारे नाक न दाबता बसले आहेत.

त्या वासाबद्दल आधी सांगते, कारण असा वास तुम्हाला येत असेल तर लाजून लपवू नका. कपाटामागे उंदीर मरून पडला की घरभर जो वास सुटतो ना, तोच. माझ्या आतून यायचा. मी दिवसातून कितीदा तरी आंघोळ करायची. एकदा तर पोटाला फिनेल चोळलं. कातडी लाल होऊन सोलवटली, मला मात्र काही वाटलं नाही. मढ्याला काय वाटणार?

मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर आधी माझी झोप गेली, मग भूक गेली. एके दिवशी वर्गात हजेरी घेत होते. पोरं एकेक करून हजर, हजर म्हणत होती. माझ्या मनात आलं, माझं नाव कोणी घेतलं तर मला हजर म्हणता येईल का? खोटं कसं बोलायचं? मी तशीच घरी निघून आले. त्यानंतर बरेच महिने वर्गात पाय ठेवला नाही.

सुधीर, म्हणजे माझा नवरा, वाद घालायचा. "तू नाहीस तर बोलून कोण राहिलं?"

"रेडिओ बोलतो. त्याच्यात माणूस बसलेला असतो का?"

तो माझा हात धरून नाडी दाखवायचा. मी म्हणायची, ठोके पडतात, कबूल, पण ते माझेच कशावरून? विज्ञानाची बाई ना मी, पुरावा मागत होते. आणि गंमत बघा, तो पुरावा कोणालाच देता येईना.

आता मामाजींचं सांगते. मामाजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणापासून ते आमच्या नगरातल्या बुद्धविहारात प्रवचन देतात. भला माणूस आहे. पण त्यांनी जे केलं त्याची मला आजही शिसारी येते, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "बाई, जेवत काहून नाही?"

मी म्हटलं, "जेवायला मी पाहिजे ना. मी नाही."

मामाजींनी चष्मा काढला. डोळे पाणावले त्यांचे. "सुधीर, आयक! आमी चाळीस वर्सं अनात्म सांगून राहिलो, कोनाले नाही समजलं. इले आपोआप समजलं!"

बुद्धानं सांगितलं की माणसात न बदलणारा, कायमचा असा आत्मा नाही. सून नेमकं तेच बोलते, म्हणजे सुनेला ज्ञान झालं, असा हिशेब. आणि सुधीरसारखा सरकारी नोकरीतला धडधाकट माणूस बापापुढे गप्प बसला.

माघ पौर्णिमेला मला पांढरी साडी नेसवून विहारात नेलं. खुर्चीवर बसवलं. मामाजींनी विचारलं, "सांग बाई, तू कोन?" मी म्हटलं, "कोणी नाही." सगळे हात जोडून म्हणाले, "साधू! साधू! साधू!" विहारात उत्तम, धन्य म्हणायचं तर असंच म्हणतात.

शी! लिहिताना अंगावर काटा येतो. माझे ओठ फाटलेले, गालफडं बसलेली, तोंडाला उपासाचा आंबूस वास, आणि बाया माझ्या पाया पडत होत्या. एकीनं तर आपल्या तान्ह्या लेकराचं डोकं माझ्या पायावर टेकवलं. मला आतून ओरडायचं होतं की अगं, सडतंय हे, लेकरू दूर कर. पण तोंड उघडलं नाही. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की बाईला घोटभर पाणी द्यावं.

माझी आई अकोल्याला राहते. मी तिचा फोन उचलत नव्हते, म्हणून ती सांगितल्याशिवाय येऊन धडकली. मला एकदा पाहिलं. सरळ स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवलं आणि पेला माझ्या तोंडाला लावला. मी दोन घोट गिळले. त्यात सायीचा हा मोठा लगदा होता, तोही गिळला. आईचा हात थांबला.

लहानपणापासून मला सायीची किळस. दुधावर साय दिसली की मी पेला लोटून द्यायची, त्यापायी मारही खाल्लेला. तीच मी साय गिळून गप्प बसले होते. माझी सगळी किळस आत वळली होती, बाहेरच्या कशाचीच उरली नव्हती.

आई बैठकीत मामाजींकडे गेली. तिचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता.

"इवाईबुवा, माही पोरगी मरून राहिली अन् तुमी तिची आरती ओवाळून राहिले?"

"ताई, तुमाले नाही समजनार. तिले ज्ञान झालं."

"ज्ञान? बुद्धाले सुजातेनं आदी खीर देल्ली. त्याइनं खाल्ली. मंग ज्ञान झालं. दरसाल सांगता ना तुमी? मंग माह्या पोरीले उपाशी काहून ठेवलं?"

दुपारच्या आत आईनं मला गाडीत घातलं. मूर्तिजापूर येईपर्यंत सुधीर पुढच्या सीटवर रडत होता. मी विचार करत होते, मढं न्यायला एवढी घाई कशाला?

डॉक्टरांनी माझ्याशी वाद घातला नाही. घरच्यांनाही बजावलं, "त्या आहेत की नाहीत हे पटवायला जाऊ नका. पटवून हा आजार जात नाही. पोटात पाणी आणि अन्न गेलं पाहिजे, नाहीतर त्या खरंच जातील." सलाईन लावलं, गोळ्या सुरू केल्या आणि ईसीटी सुचवली, म्हणजे भूल देऊन मेंदूला मोजका विजेचा प्रवाह देतात. सिनेमात दाखवतात तसा छळ नसतो. उठल्यावर डोकं दुखतं, काही आठवणी गोंधळतात. माझ्या त्या दिवसांतल्या काही गोष्टी अजून सापडलेल्या नाहीत.

काही वेळा ईसीटी झाल्यावर एका सकाळी मी वॉर्डातल्या बेसिनपाशी तोंड धुवायला गेले. कोणीतरी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन त्यात थुंकलं होतं. लालभडक, वर सुपारीचे तुकडे. मला उमासा आला. पळत खाटेवर येऊन बसले, तर आईनं दुधाचा पेला पुढे केला. वर साय!

"शी! आई, साय काढ आधी. किती वेळा सांगायचं तुला?"

आईनं पेला खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता रडली. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून सिस्टरला बोलवायला निघाली.

मी लगेच बरी झाले नाही. वास जायला बरेच आठवडे लागले, गोळ्या आजही घेते. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की ही किळस येतेय ती कोणाला तरी येतेय, आणि दुसरं कोणी तिथं आसपास दिसत नव्हतं. मी आहे, हे मला अजूनही सिद्ध करता येत नाही. फळ्यावर मांडायला सांगाल तर खडू खाली ठेवीन. तुमच्या घरात कोणी "मी नाही" म्हणत असेल तर तुम्हीही सिद्ध करत बसू नका. आणि देव्हाऱ्यात तर मुळीच बसवू नका. डॉक्टरकडे न्या.

वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीच्या दिवशी, मी पुन्हा विहारात गेले. त्या दिवशी तिथं सुजातेच्या आठवणीनं सगळ्यांना खीर वाटतात. मामाजींनी बोलायला सांगितलं, तेव्हा मी उठले.

"माघ पौर्णिमेला मी इथं बसले होते तेव्हा मला ज्ञान झालं नव्हतं. मी आजारी होते आणि उपाशी होते. तुम्ही साधू म्हणालात. मला तुमची किळस येते, आणि ती येते याचा आनंदही होतो."

मामाजी उठले आणि मागे खिरीच्या पातेल्याकडे गेले. वाटायला अजून सुरुवात व्हायची होती. त्यांनी पहिली वाटी भरून माझ्यापुढे आणली. उन्हाळ्यातही वर जाडसर साय धरलेली. माझं नाक मुरडलेलं त्यांनी पाहिलं. मग त्या सत्तरीच्या माणसानं सगळ्या विहारासमोर आपलं बोट वाटीत घातलं, साय उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"घे बाई," ते म्हणाले. "आदी खाऊन घे."

त्यांचं बोट खिरीत बुडालेलं मी पाहिलं होतं. मला किळस आली. मी वाटी घेतली आणि तिथंच उभ्यानं सगळी खीर खाल्ली.