बुरूज दिसतो का?

लातुरात शिकवण्यांना ऊत आल्यापासून आमच्या वरच्या मजल्यावर पोरं भाड्यानं राहतात. मी हवाई दलात हवामानाच्या कामावर होतो, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. रोज विचारतात, काका, उद्या पाऊस येईल का? मी काय ज्योतिषी हाय? नोकरीभर हेच ऐकलं, आता कंटाळा आलाय. एकानं विचारलं, भूकंपात तुम्ही काय करत होता? म्हटलं, हवामान सांगत होतो. तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

खरंच तेच करत होतो. भूकंप झाला तेव्हा मी दूरच्या तळावर होतो. मुलूख माझा, म्हणून आमच्या साहेबांबरोबर मला लातूरच्या धावपट्टीवर धाडलं. मदतीची हेलिकॉप्टरं तिथून उडायची आणि उडण्याआधी प्रत्येक वैमानिकाला हवामान समजावून द्यायचं, हे आमचं काम. साहेब दक्षिणेकडचे. अंदाज बांधायचे ते, माहिती गोळा करून नकाशावर चढवायचो मी.

लोकांना वाटतं, आभाळाकडं बघितलं की झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सकाळी आधी फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याच्यावर नजर लावून बसायचं आणि तो कुठं वाहत जातो त्यावरून वरचा वारा काढायचा. हवा किती तापणार ते सांगायचं, कारण तापल्या हवेत हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं, म्हणजे कमी जखमी. ढग किती खाली आलेत, वाटेत पाऊस कुठं आहे, परत येताना लातूर झाकोळलं तर नांदेडला उतरता येईल का. त्यासाठी अहमदपूर, लोहा इथल्या पोलीस ठाण्यांनाही वायरलेसवर तिथलं आभाळ विचारायचं. आणि एवढं सगळं करून ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ हे आपण म्हणायचं नाही. आहे ते सांगायचं, ठरवणार वैमानिक.

माझी अक्का औशाकडच्या एका गावात दिलेली. तिची काहीच खबर नव्हती. गावात जुनी गढी आणि गढीच्या बुरुजाला टेकून अक्काचं घर. निजामाच्या काळात, त्याच्याही आधीपासून तो बुरूज कधी हलला नव्हता. मी देव पाण्यात घालून बसलो होतो. बुरूज असला तर घर हाय, घर असलं तर अक्का हाय, एवढंच मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नाही. जागून जागून सगळ्यांचेच डोळे सुजलेले, कुणाला काय सांगणार?

पाऊस लागून राहिला होता. एका सकाळी तो उघडला आणि त्याच गावाहून निरोप आला की शाळेच्या मैदानावर जखमी आणून ठेवलेत, हेलिकॉप्टर पाठवा. ओल्या जमिनीवर सकाळी धुकं धरतं, म्हणून उतरायच्या जागी किती लांबचं दिसतंय हे आधी कळायला पाहिजे. त्याची आमची रीत साधी होती. अंतर माहीत असलेली एखादी उंच खूण धरायची, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, काहीही, आणि ती दिसते का ते तिथल्या माणसाला विचारायचं. साहेबांनी नकाशा बघून गढीचा बुरूज धरला. मैदानापासून तो किती लांब ते मीच सांगितलं, ती वाट माझ्या पायाखालची. मैदानावर वायरलेस घेऊन एक पोलीस बसला होता, नांदेडहून आलेला. त्यानं ते गाव पहिल्यांदाच बघितलं होतं. त्याला विचारलं, बुरूज दिसतो का?

“न्हाई दिसत, साहेब.”

साहेबांनी दाट धुकं लिहिलं. वैमानिक तरुण होते, पंजाबी. कागद वाचून ते म्हणाले, थांबू या. थोड्या वेळानं परत विचारलं, परत न्हाई. औशाहून मात्र लख्ख ऊन कळवत होते. साहेब म्हणाले, गाव खोलगटात असेल, धुकं साचलं असेल. काही दिसेना म्हटलं की आम्हा हवामानवाल्यांना धुकंच सुचतं. पण गाव टेकाडावर होतं.

मी वायरलेस हातात घेतला. पोलिसाला विचारलं, तुझी सावली पडलीय का रे? पडलीय की, चांगली काळी, तो म्हणाला. औसा रस्त्याची झाडं? सगळी दिसतात. ती तर बुरुजाहूनही लांब. जखमी तिकडं वाट बघत होते, हे कळत होतं. तरी तोंड उघडवेना. मी बोलत नव्हतो तोवर बुरूज धुक्यात उभा होता.

“साहेब,” मी म्हणालो, “धुकं नाही. बुरूजच नाही.”

साहेबांनी धुकं खोडलं. वैमानिकांनी विचारलं, खात्री आहे ना? म्हटलं, त्या बुरुजाखाली माझ्या बहिणीचं घर होतं. ‘होतं’ म्हणालो आणि माझा मलाच राग आला. त्यांनी कागदावर सही केली आणि निघाले.

हेलिकॉप्टर परत आलं तेव्हा स्ट्रेचरवरचा एकेक चेहरा मी बघितला. अक्का नव्हती. मी वैमानिकांना विचारलं, गढीकडची माणसं पुढच्या फेरीत येतील का? त्यांनी मान खाली घातली. त्या बाजूचं कुणी मैदानावर आणलेलंच नाही, म्हणाले. मला तिथंच बसून मोठ्यानं रडायचं होतं. पण पुढची फेरी त्याच गावाला होती आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं. साहेबांनी नकाशा पुढं ओढला आणि हळूच विचारलं, आता खूण कोणती धरायची? अक्काच्या लग्नापासून मी त्या गावात जात होतो. उभी असेल अशी एकही गोष्ट मला सांगता आली नाही.