पाणबुड्याचा झेंडा आणि आमचे बाप्पा

पाण्याखाली माणूस असताना त्याचा झेंडा मी काढून नेला आणि आमच्या गणपतीच्या होडीला लावला.

मी खिदिरपूरला गोदीच्या कचेरीत होतो. निळा-पांढरा झेंडा दिसला की खाली पाणबुड्या आहे, लांबून जा, इंजिन मंद करा, हा नियम लाँच चालवणाऱ्या सारंगांकडून घोकून घेणं माझंच काम. पण तोवरचे पाणबुडे पितळी टोप घालून उतरत आणि वर हवेचा पंप धडधडत असे. त्या अनंत चतुर्दशीला घाटाजवळच्या पाणबुड्यांच्या तराफ्यावर झेंडा होता, पण तराफा गप्प होता. पंप नाही, म्हणजे माणूस वर आला असणार. पाठीला हवेची टाकी बांधून उतरणारा नवा पाणबुड्या आलाय हे मला ठाऊक होतं; फक्त आठवलं नाही. त्याचा जोडीदार पलीकडे, माझ्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसला होता. मंडळाच्या होडीला झेंडा नव्हता. माझे हात शिवशिवले.

झांजा वाजवत आम्ही निघालो. थोडं पुढे गेलो तर समोरच्या गढूळ पाण्यातून बुडबुडे वर येताहेत आणि जोडीदार आमच्या झेंड्याकडे बोट दाखवून ओरडतोय. आणि हावड्याकडून उतारूंनी भरलेली लाँच नेमकी तिकडेच येत होती.

माझ्या सांगण्यावरून नावाड्यानं होडी बुडबुड्यांच्या अलीकडे आडवी घातली. मी झेंडा उपसून फळीवर चढलो आणि अंगात आल्यासारखा तो फिरवू लागलो. सारंग माझाच शिष्य निघाला. इंजिन मंद झालं, लाँचनं लांबचा वळसा घेतला. हा मान बाप्पाला आहे असं समजून उतारूंनी हात जोडले. मी ते नमस्कार परस्पर स्वीकारले.

पाणबुड्या वर आला तो थेट सोंडेसमोर. हकीकत ऐकून (तराफा आमच्या होडीजवळ आणलेल्या जोडीदाराकडून ऐकली, माझी आवृत्ती जरा वेगळी होती) तो पोटभर हसला, मूर्ती मागून घेतली आणि तळाशी स्वतःच्या हातांनी बसवून आला. एरवी आमचे बाप्पा पुढच्या घाटाला तरंगत जात. सगळी होडी मोरया म्हणून गरजली आणि मी विजयी वीरासारखं चहूकडे पाहिलं.

मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशी माझ्या हातातला झेंडा जोडीदाराकडे देत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बाप्पाला लवकर ये म्हणू. तू नाही आलास तरी चालेल."