याकूबचाचांचा ठिपका

याकूबचाचा रोज सकाळी माझ्या दारात सायकल थांबवून एकच प्रश्न विचारायचे, "बाई, आज तिथी कंची?" सायकलच्या मागे पावाची पत्र्याची पेटी, डोक्यावर जाळीची टोपी, पायात काही नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगायचे, पंचमी, षष्ठी, जी असेल ती. ते मान डोलवायचे. त्यांना ती आधीच माहीत असायची, हे कळायला मला वर्ष लागलं. मग विचारता कशाला, म्हटलं, तर म्हणाले, "तुमी तयार झाल्यात का न्हाय, त्ये कळतं."

दिघीहून हरिहरेश्वरकडे जाताना समुद्राच्या बाजूला आमचं गाव. मी इथे भाड्याने राहते आणि माझी शाळा आहे पलीकडच्या वाडीत. मध्ये लहानशा खाडीचं तोंड. गाडीरस्ता वळसा घालून जातो, एसटीने पाऊण तास. पण ओहोटीला खाडीचं तोंड उघडं पडतं आणि ओल्या घट्ट वाळूवरून वीस मिनिटांत माणूस वाडीत. चाचा बेकरीतले पाव त्याच वाटेने वाडीत पोचवायचे. त्यामुळे वाडीतल्या कोळ्यांच्या घरी पाव रोज वेगळ्या वेळेला यायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची.

बदली होऊन आले तेव्हा मला वाळूत पाय टाकायचं धाडस होत नव्हतं. चाचा म्हणाले, "तुमी मास्तरीन ना? मंग हिशोब करा. तिथीची पाऊणपट केली का भरतीची येळ. चतुर्थीला तीन. तितनं सा तास मोजा, नवाला ओटी. चला." पाऊणकीचा पाढा शाळेतून हद्दपार होऊन जमाना झाला होता. तो मला एका पाववाल्याने वाळूत उभं करून शिकवला. मुसलमान माणूस तिथीवर चालतो, याची मी पुढे थट्टा करायचे. ते म्हणायचे, "तुमची तिथी न् आमचा चाँद, दोगांचा पानी एकच." मध्यावर एक काळा खडक आहे. त्याच्या खाडीकडच्या अंगाला वाळू भुसभुशीत, पाय गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून चाचा खडकापाशी समुद्राच्या बाजूने लांबचा वळसा घ्यायचे. कितीही घाई असली तरी तो वळसा त्यांनी कधी चुकवला नाही. चालायचेही सावकाश. "पानी आपल्याला ओळखत न्हाय. आपुन त्याला ओळखायचा."

ती मोठी कंपनी आमच्या गावात नेमकी कधी आली ते मला सांगता येणार नाही. ऑफिस उघडलं नाही, पाटी लागली नाही, नारळ फुटला नाही. आधी दोघातिघांच्या फोनमध्ये तिचा नकाशा दिसू लागला. मग खानावळवाल्या सुमनताईंच्या सोलकढीला कुणीतरी तीन तारे दिले आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मग फेरीबोटीची वेळ, देवळाच्या आरतीची वेळ, मासळीचा भाव, सगळं लोक तिलाच विचारू लागले. माझी शाळाही तिच्यात निघाली. तिला दोन तारे होते. ते कुणी दिले ते मी अजून शोधते आहे. चाचांना एकच गोष्ट लागली. "पयले लोक गाडी थांबवून रस्ता इचारायचे. आता काच पन खाली करत न्हायत."

पण चाचांच्या खिशातही तिचाच फोन होता. त्यांचा मुलगा अश्फाक मस्कतला एसीच्या कामावर. चाची गेल्यावर त्याने बापाला फोन पाठवला आणि अशी सोय करून ठेवली की अब्बा कुठे आहेत ते त्याला तिकडे नकाशावर दिसावं. चाचांना याचं फार अप्रूप होतं. "मी हितं चालतो न् त्याच्याकडं ठिपका चालतो. ल्योक कामावरनं बगतो, अब्बा खडकाजवळ आले, अब्बा वाडीत पोचले." एखाद्या दिवशी खडकापाशी जास्त वेळ थांबले तर लगेच फोन यायचा, "अब्बा, काय झालं?" दोन वर्षांत एकदा येणारा मुलगा रोज असा सोबत चालायचा. चाचा त्याच्यासाठी टोपी सरळ करून घ्यायचे. ठिपक्याला टोपी नसते, असं मी सांगितलं, तर हसले.

मग एका शनिवारी मुंबईची एक गाडी थेट वाळूच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आतला मुलगा म्हणाला, "पुढे रस्ता आहे ना?" चाचांनी त्याला परत फिरवलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन आल्या. मी माझा फोन काढून बघितला तर खाडीच्या तोंडावर आडवी बारीक पांढरी रेघ होती. मध्यावर ती रेघ समुद्राकडे वळून पुन्हा सरळ झाली होती. खडकाचा तो वळसा मी ओळखला. सुमनताईंकडे उतरलेला एक कॉम्प्युटरवाला पाहुणा म्हणाला की रोज जिथून फोन जातात तिथे रस्ता आहे असं त्या नकाशाला वाटतं. खरं-खोटं मला माहीत नाही. चाचा पावांची पेटी बंद करता करता ऐकत होते. "म्हंजे रस्ता मी पाडला?" मी म्हटलं, "सरकारला जमलं नाही ते तुम्ही केलंत." त्या दिवशी त्यांनी ती रेघ बेकरीत सगळ्यांना दाखवली. मीही हसले होते, हे इथे लिहून ठेवते.

डिसेंबरातल्या पौर्णिमेला, उधाण चढत असताना, एक गाडी आत गेली. नवरा, बायको, दोन मुलं. चाचा आणि वाडीचे कोळी छातीभर पाण्यात शिरले आणि चौघांनाही काढलं. गाडी टपापर्यंत बुडाली. तो माणूस माझी चादर गुंडाळून माझ्या ओट्यावर बसला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "रस्ता दाखवत होता हो." चाचांनी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "व्हय. माजाच हाय तो. माफ करा." त्याला काही कळलं नाही. नंतर चाचा मला म्हणाले, "बाई, खडकाजवळ गाडी बराबर वळली व्हती. माज्यासारकी."

मी कंपनीला फोनवरून कळवलं की इथे रस्ता नाही. तिने आभार मानले. आठ दिवसांनी कळवलं की तपासणीनंतर ही सूचना स्वीकारता येत नाही. तपासलं कुणी, माणसाने की यंत्राने, ते कळायला मार्ग नव्हता. पंचायतीने बोर्ड लावला. लोक त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढायचे.

चाचांनी आपला उपाय काढला. "वाट चालली न्हाय तर बुजते." वाळू ओलांडताना फोन घरी ठेवायचा किंवा बंद करायचा, असं ते वाडीत दारोदार सांगत फिरले. लोक पाव घेताना हो म्हणायचे. मी मात्र तेव्हापासून पाळलं. स्वतःचा फोन ते घरात फळीवर, चार्जिंगला लावून ठेवू लागले. आणि सुट्टीच्या दिवशी भरती चढायची वेळ झाली की पावावरचं लाल फडकं घेऊन वाळूच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे, सत्तरीचा माणूस, उन्हात, तीन-तीन तास. मी म्हटलं, अश्फाकला कळलं तर? म्हणाले, "त्याला सांगू नका, बाई. ठिपका घरी दिसला का त्याला सुकून. बाप आराम करतो म्हनतो." अश्फाकचा मला फोन यायचा. "अब्बा हल्ली घरीच असतात, बरं झालं." मी म्हणायचे, हो, बरं झालं. असं किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी, तृतीया होती, भरती सव्वादोनला. दुपारी एकच्या सुमाराला वाडीचा एक कोळी मला बोलवायला आला. चाचांनी दोन गाड्या परत फिरवल्या होत्या, मग सायकलला टेकून खाली बसले होते, आणि तसेच गेले होते. पाणी पायाला लागलेलं बघून कोळ्यांनी त्यांना वर कोरड्या वाळूवर आणून ठेवलं. लाल फडकं मुठीत होतं. मी तिथे उभी असताना माझा फोन वाजला. अश्फाक होता.

"बाई, अब्बा फोन उचलत नाहीत. घरीच हायत, मला दिसतायत. झोपले असतील. जरा हाक मारता का?"

मी म्हटलं, "हो, मारते." आणि खरोखर त्यांच्या घराकडे चालू लागले. दार नुसतं लोटलेलं होतं. फळीवर फोन होता, त्याच्यावर अश्फाकचे सात कॉल. मी दारातूनच "चाचा" म्हणून हाक मारली. का, ते मला माहीत नाही. मग त्याच फोनवरून त्याला सांगितलं. मला रडू आलं नाही. अजूनही धड आलेलं नाही. त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच, की फळीवर फोनशेजारी दोन टोस्ट बशीने झाकून ठेवले होते.

अश्फाक चौथ्या दिवशी आला, माती दिलेली जागा बघितली, आठ दिवस राहिला. मी खोटं बोलत होते हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अब्बांनी सांगितलं असेल तुम्हाला." जाताना त्याने घराची चावी माझ्याकडे दिली. फोन फळीवरच ठेवला. "राहू दे, बाई. फक्त चार्जिंग बघा." मी रोज संध्याकाळी जाऊन बघते. पावसाळ्यात केव्हातरी नकाशावरची ती रेघ गेली. कुणी काढली, का काढली, काही कळवलं नाही. मी चाचांच्या फोनशेजारी उभी राहून "गेली हो" म्हणाले.

परवा वाऱ्याने खांब पडले आणि आमच्या गावात तीन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी अश्फाकचा निरोप आला, "बाई, ठिपका गेला." वाडीची लाइन वेगळी आहे. शनिवारची सकाळची शाळा होती. पहाटेच्या एसटीने जाताना मी चाचांचा फोन सोबत घेतला आणि वर्गात चार्जिंगला लावला. षष्ठी होती, ओहोटी साडेदहाला. शाळा सुटल्यावर वाळूतूनच परत निघाले. निम्म्या वाटेवर पर्समध्ये फोन वाजला. माझा नेहमीप्रमाणे बंद होता. वाजत होता तो चाचांचा. चार्ज झाला का ते बघायला चालू केलेला, तो तसाच राहिला होता.

उचलला.

"बाई?"

"हो, मीच. चुकून चालू राहिला रे. वाळूत चालू ठेवायचा नाही, तुला माहीत आहे. बंद करते."

"नको." मग म्हणाला, "खडक आला?"

"आलाय समोर."

"समुद्राच्या बाजूनं घ्या."

"त्याच बाजूने चाललेय."

मी फोन कानाला धरून वळसा घेत होते. बंद करायला हवा होता. चाचांनी एवढं एकच मागितलं होतं.

"बाई," अश्फाक म्हणाला, "अब्बा एवढे भरभर चालत नव्हते."

मी पाऊल हळू केलं. पाणी यायला अजून तास होता.