मंगळम राहिलंय

गाण्याचे छोटे कार्यक्रम मी गेली काही वर्षं चेन्नईत करतेय, पण त्यातला एकही मी बसून ऐकलेला नाही. मी दाराशी उभी असते. आलेल्यांना आत घेते, उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारते, एसीचा रिमोट उगाच दाबत राहते, आणि गाणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्यांच्या पाठी बघते. कुणी खिशातून मोबाइल काढला की माझा जीव टांगणीला लागतो. आई पुण्याहून फोनवर म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. पायाला असती तर परवडली असती, माझ्या डोक्यालाच आहे.

नोकरी सिरुसेरीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात कुठे काय बिघडेल ते शोधायचं आणि संध्याकाळी तीच नजर घेऊन कार्यक्रमाला उभं राहायचं. राहायला पेरुंगुडीत, एका जुन्या दुमजली घराच्या मागच्या बाजूला. घरमालक मामा-मामी तंजावरकडचे मराठी. मामी शाळेत गणित शिकवायच्या आणि वरच्या लांबट हॉलमध्ये शिकवण्या घ्यायच्या. शिकवण्या थांबल्यावर हॉल रिकामाच पडला होता. आपली गाणी आपणच लिहून, गिटार पाठीला लावून गावोगाव फिरणाऱ्या पोरापोरींना या शहरात जागा मिळत नाही, पबमध्ये लोक मॅच बघतात आणि मोठे हॉल आपल्याला विचारत नाहीत, असं मी एकदा मामींपाशी करवादले. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वरती हॉल आहे की. कच्चेरी कर."

कच्चेरी म्हणजे इकडची गाण्याची बैठक. मामींच्या लेखी चार माणसांनी बसून ऐकलं की ती कच्चेरी, मग गाणारा त्यागराजांचं म्हणो नाहीतर स्वतःचं. अट एवढीच की चपला खाली काढायच्या आणि आलेल्याला कॉफी मिळालीच पाहिजे. कॅन्टीनशिवाय कच्चेरी होत नाही, हे त्यांनी मला प्रमेय सांगावं तसं सांगितलं. कॉफीचं खातं मामांकडे गेलं, आणि त्यांनी त्यात हळूहळू वडेही घुसवले.

खरी दमछाक माणसं जमवण्यात होते. ऑफिसातले तमिळ सहकारी विचारतात, सिनेमाची गाणी आहेत का? इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं की कुणीतरी विचारतं, लावणी आहे का, मुलांना आणलं तर चालेल का? मी दोघांनाही "या तर खरं" एवढंच लिहिते आणि दात ओठ खात फोन बंद करते. मग पुन्हा उघडते.

जिची ही गोष्ट, ती गाणारी साताऱ्याची. तिचं गाणं मी पहिल्यांदा कंपनीच्या बसमध्ये ऐकलं, मेट्रोच्या खोदकामात बस अडकलेली असताना. कुणीतरी पाठवलेला रेकॉर्डिंगचा तुकडा होता. आईच्या शिलाई मशीनविषयी केलेलं गाणं, अगदी साध्या शब्दांत. ते संपेपर्यंत मी चुळबुळ केली नाही. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. बस हलायच्या आत मी तिला लिहिलं, चेन्नईला ये. यायला तिला वर्ष लागलं, पण आली. बंगळूरच्या गाडीनं सकाळी उतरली, आणि मामींच्या स्वयंपाकघरात इडल्या खाता खाता तिनं सांगून टाकलं, की हा तिचा शेवटचा कार्यक्रम. सोमवारपासून ती पुण्यात जुन्या कंपनीत परत रुजू होणार होती. गिटार भावाला द्यायची ठरली होती.

"का पण?" मी विचारलं.

"काल बंगळूरला कॅफेत गात होते. मध्येच त्यांनी मिक्सर लावला. कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. मिक्सर थांबेपर्यंत मी तेच कडवं फिरवत राहिले." तिनं चटणीत बोट बुडवून चाटलं. "वाईट वाटलं नाही गं. तेच वाईट. मला सवय झालीय."

मला राग आला. मिक्सरचा आला, त्या कॅफेचा आला, आणि तिचाही आला. पगाराची नोकरी सोडायची छाती मला कधी झाली नाही. ज्यांना झाली त्यांच्या दाराशी मी उभी राहायची, एवढंच माझं त्यातलं पुण्य. आता हीसुद्धा परत फिरणार असेल तर मी दाराशी उभी कशाला राहायचं, ते मला कळेना. पण पाहुण्याला असं तोंडावर म्हणता येत नाही. मी म्हटलं, "इथे मिक्सर लागणार नाही," आणि तडक जाऊन मामांना बजावलं की वड्यांची चटणी दुपारीच वाटून ठेवा. मामींनी आमचं सगळं ऐकलं होतं. त्यांनी तिच्या ताटात आणखी एक इडली वाढली.

दुपारी ती झोपली आणि मी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मांडलेल्या मोडल्या, गोल मांडल्या, मग पुन्हा रांगेत लावल्या. सगळ्या ग्रुपांवर पुन्हा एकदा निरोप टाकला. तिचं मन आज एका संध्याकाळीत फिरवायचं असं मी ठरवूनच टाकलं होतं, आणि ते माझ्या हातात नाही हे कळत असल्यानं मला एका जागी बसवत नव्हतं. मामी जिन्यावरून म्हणाल्या, "कितीदा वरखाली करतेस? तूच गाणारेस का?"

माणसं बरी जमली. पुढे मामींच्या ओळखीच्या बायका, मार्गळीत, म्हणजे डिसेंबरातल्या गाण्याच्या मोसमात, एका गायनसभेतून दुसरीत धावणाऱ्या, मुरलेल्या ऐकणाऱ्या. मागे माझे ऑफिसवाले, पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन. तिनं सुरुवात केली. मी दाराशी. पहिली गाणी बरी गेली, आणि मग ज्याची धास्ती असते तेच झालं. शेजारच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर आला आणि खिडकीखाली त्याची मोटर सुरू झाली.

मी चप्पल न घालता खाली पळाले. माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. "अण्णा, वर पाट्टु, गाणं, कोंजम, जरा थांबा," असं काहीतरी मी हातवारे करत म्हणाले. ड्रायव्हरनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तण्णी वेंडामा?" पाणी नको का? एप्रिलच्या चेन्नईत पाण्यापुढे कुणाचं गाणं मोठं? मी रडवेली होऊन वर आले. ती आता तेच कडवं फिरवत असणार, हे मला बघवणार नव्हतं, तरी बघायला आले.

ती गात नव्हती. गिटार मांडीवर आडवी ठेवून गप्प बसली होती, आणि सगळा हॉल गप्प बसला होता. मी खाली पळाले तेव्हाच मामींनी हात वर करून तिला थांबवलं होतं, असं मला नंतर कळलं. "थांब, कण्णा, थांब बाळा. कशाला ओरडून म्हणतेस? लॉरी जाऊ दे, मग म्हण." आणि सगळे टँकर रिकामा व्हायची वाट बघत होते. कुणी फोन काढला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एक बाई तिच्याकडे बघून अधूनमधून मान हलवत होत्या, जणू गाणं चालूच होतं. टँकर बराच वेळ चालला. त्यात सगळ्यात जास्त चुळबुळ मी केली असेन. मोटर थांबली तसं तिनं गाणं पहिल्यापासून धरलं, आणि सकाळपासून न ऐकलेला जोर तिच्या आवाजात आला.

मला वाटलं, जिंकलं. पण शेवटी पाणी पिऊन ती म्हणाली, "आता शेवटचं गाणं. खरंच शेवटचं." आणि तिनं शिलाई मशीनचं गाणं घेतलं. ते गाणं संपत नाही, दोरा तुटावा तसं मध्येच थांबतं. टाळ्या झाल्या. तिनं हात जोडले आणि गिटार पिशवीत घालायला घेतली. ऑफिसवाले बॅगा सावरत उठले, कुणी कॅबही बोलावली. मला तिच्याकडे बघवेना. एवढं होऊनही ती परत निघालीच होती.

पुढची रांग मात्र हलली नाही. सगळ्या बायका हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. उठलेल्या पोरांनी त्यांना बघितलं आणि चोरट्यासारखी पुन्हा टेकली. ती गोंधळली. मी पुढे होऊन मामींच्या कानाशी लागले, "मामी, झालं. संपलं."

"संपलं कसं?" मामी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मंगळम राहिलंय."

इथली कच्चेरी मंगळमनं संपते. गाणारा सगळ्यांचं बरं होवो अशा अर्थाचं ते शेवटचं गाणं म्हणतो आणि मग लोक उठतात. एरवी निम्मी मंडळी बस पकडायला त्याआधीच सटकतात, पण मामी त्यातल्या नव्हेत. मी तिला हे सांगितलं. ती ओशाळून म्हणाली, "मामी, माझ्याकडे तसलं गाणं नाही."

"मी म्हणू का हिच्यासाठी?" पुढच्या रांगेतल्या एक बाई उत्साहानं म्हणाल्या. त्यांना नेहमीचं मंगळम पाठ होतं.

"नको," मामी म्हणाल्या. "कच्चेरी हिची, मंगळमही हिचंच पाहिजे." मग तिच्याकडे वळून, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं, "अवघी गाणी तूच केलीस ना? मग हेही कर. कर आणि ये. तोवर कच्चेरी संपली असं कुणी म्हणायचं नाही. आता इंटर्व्हल." आणि जिन्याकडे बघून हाक मारली, "अहो, कॉफी आणा."

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत. लोकांनी इंटर्व्हलची कॉफी घेतली, वडे खाल्ले आणि घरी गेले. रविवारी ती पुण्याला गेली. सोमवारी कामावर रुजू झाल्याचं तिनं मला कळवलं, पुढे काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणजे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. टाइप करून खोडायची, पुन्हा टाइप करायची.

त्यानंतर त्या हॉलमध्ये दुसरे लोक गाऊन गेले. मामी त्यांना मंगळम मागत नसत. भाडं द्यायला गेले की मला मात्र विचारायच्या, "आली का ती?" मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "इंटर्व्हल लांबला." मला त्यांच्या शांतपणाचाही राग यायचा.

परवा सकाळी बसची वाट बघत उभी असताना तिचा व्हॉइस मेसेज आला. गिटारीचे दोन-चार सूर, मग तिच्या आवाजात एक कडवं. कोण्या परक्या गावात टँकर रिकामा व्हायची वाट बघत बसलेल्या माणसांचं सगळं बरं होवो, असं काहीसं. पुढे ती अडखळली आणि बोलली, "मामींचं गाणं. रोज ऑफिसातून आले की बसते याच्यावर. शेवट जमत नाहीये गं."

समोर आलेली बस मी सोडली आणि घरी पळत गेले. मामी अंगणात कोलमची रांगोळी काढून हात धूत होत्या. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"काय सांगू तिला?" मी म्हटलं. "कधी येतेस विचारू? तारीख धरूया का? मी आत्ताच पोस्टर..."

"अगं थांब गं जरा," मामी म्हणाल्या. "मंगळम झालं की कच्चेरी संपली ना? तिला सांग, एवढ्यात संपवू नको."

मी तिथेच पायरीवर बसले. दुसऱ्यांच्या मागे लागणं हेच माझं काम, पण त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी "घाई नाही" असं लिहिलं. आणि मग दिवसभर, ऑफिसात, दर पाच मिनिटांनी फोन बघत राहिले.