दादाचा खेळ पुसला गेला

माझा मामेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. अमरावतीला मामाकडे गेम खेळायचं मशीन होतं, आणि अकोल्याहून मी दर उन्हाळ्यात तिथे जायचे ती, खोटं कशाला बोलू, त्या मशीनसाठीच. दादाला अमेरिकन गेम लागायचे. बंदूक घ्या, दिसेल त्याला उडवा. मला जपानी आवडायचे. त्यात चार जण गावोगाव हिंडतात, रुसतात, रांधून खातात आणि लढाईसुद्धा पाळीपाळीने करतात.

"काय पांचट गेम आहे वं तुहा," तो सगळ्यांदेखत म्हणायचा. "आता तू मार, मंग थो मारन. पंगतीत बसले का आग्रह करत?"

मला तेच हवं होतं. त्या भरल्या घरात मला कुणी वाक्य पुरं करू देत नसे. गेममध्ये माझी पाळी आली की राक्षससुद्धा थांबायचा.

दहावीच्या सुट्टीत मी शेवटच्या किल्ल्यापाशी पोचले, आणि एका सकाळी पाहते तर माझा सगळा खेळ पुसलेला. दादाने नवा गेम टाकला होता. "जागा पायजे होती मले," म्हणाला आणि हसला. मामी म्हणाली, खेळच तर आहे. अकोला येईपर्यंत मी बसच्या खिडकीकडे तोंड करून रडले. ते मी माफ केलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात दादाची बदली अकोल्याला झाली. रुजू व्हायला आठवडा होता, खोली मिळेपर्यंत तो आमच्याकडे राहिला. बाहेर ऊन असं की पाय टाकायची सोय नाही. कंटाळून त्याने माझ्याकडे गेम मागितला. मी जपानीच दिला. एक पोरगी हरवलेल्या भावाला शोधत निघते, अशी गोष्ट. पहिल्या दिवशी तो हसला. तिसऱ्या दिवशी जेवणाचं ताट टीव्हीसमोर घेऊन बसला.

त्याचे अमेरिकन गेम आपोआप सेव्ह होतात. हा होत नाही. गेममधल्या धर्मशाळेत जाऊन तिथल्या वहीत आपण नोंद करायची, तरच खेळ राहतो. दादाला ती वही शोभेची वाटली. मशीनही तो बंद करत नसे, नुसतं झोपवून ठेवायचा. एकदाही हरला नाही, नाहीतर खेळ पहिल्यापासून सुरू झाला असता आणि नोंदच नाही हे त्याला आधीच कळलं असतं. मी त्याला ताक नेऊन देत होते आणि गप्प होते.

गुरुवारी माझ्या मोबाइलवर मेसेज आला: दुरुस्तीसाठी उद्या अकरा ते दोन वीज बंद. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालतात. मी कुणाला न सांगता मेसेज खोडला.

शुक्रवारी अकराला पडदा काळा झाला तेव्हा तो शेवटच्या दारात उभा होता. वीज आली आणि मशीनने विचारलं, नवा खेळ सुरू करायचा का?

तो माझ्याकडे वळला. "तुले मालूम होतं?"

"होतं ना, दादा."

इतकं बरं वाटलं! लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

तो ओरडेल म्हणून मी तयार होते. पण त्याने हळूच विचारलं, "तिचा भाऊ तिले भेटते का? एवढं तं सांग."

भेटतो. कुठे, कसा, भेटल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलते, सगळं मला पाठ आहे. दादाला पहिल्यापासून खेळायला आता सवड नाही. नोकरी आहे, लेकरू आहे. घरी आला की अजून विचारतो. मी त्याला आग्रहाने पोळी वाढते आणि सांगत नाही.